कारण न देता व्यावसायिक करार मुदतीपूर्वी संपवणे : ठाणे व नवी मुंबईतील उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधील छोटे कारखाने, रबाळे-महापे पट्ट्यातील जॉबवर्क करणारे, तुर्भ्याचे वाहतूकदार, भिवंडीतील गोदामचालक आणि आयटी पार्कांना कँटीन, सुरक्षा किंवा हाऊसकीपिंग पुरवणारे कंत्राटदार यांचे बहुतेक करार समोरच्या मोठ्या पक्षाने तयार केलेले असतात. सही करताना दर, मुदत आणि पेमेंटचे दिवस बारकाईने पाहिले जातात. करार कसा संपेल हे सांगणारे कलम मात्र शेवटच्या पानांत न वाचता राहते. पुढील प्रश्नोत्तरे भारतीय कायद्यानुसार दोन व्यावसायिकांमध्ये झालेल्या करारांपुरती आहेत. नोकरीचे करार आणि जागेचे भाडेकरार यांना वेगळे कायदे लागू होतात, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

कारण न देता करार संपवणे कायदेशीर आहे का?

करारात तसा अधिकार दिलेला असेल, तर कायदेशीर आहे. इंग्रजी करारांत हे कलम ‘टर्मिनेशन फॉर कन्व्हिनियन्स’ किंवा ‘टर्मिनेशन विदाऊट कॉज’ या मथळ्याखाली असते आणि ठरावीक दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणताही एक पक्ष, किंवा अनेकदा फक्त काम देणारा पक्ष, करार संपवू शकतो, असे त्यात लिहिलेले असते. हा अधिकार एकाच बाजूला दिला, एवढ्या कारणावरून दोन व्यापाऱ्यांमधील असे कलम सहसा रद्द ठरत नाही. असमान ताकदीच्या पक्षांमधील अन्याय्य अटी सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात रद्द ठरवल्या, त्याचा दाखला अनेक जण देतात. पण तो निकाल नोकरीच्या अटींबद्दल होता आणि दोन्ही पक्ष व्यावसायिक असलेल्या व्यवहारांना ते तत्त्व लागू होणार नाही, असे त्यातच म्हटलेले आहे.

करारात असे कलमच नसेल तर?

मग मुदतीकडे पाहावे लागते. करार बेमुदत असेल, म्हणजे अमुक दराने माल पुरवायचा एवढेच ठरले असेल, तर वाजवी मुदतीची नोटीस देऊन कोणताही पक्ष त्यातून बाहेर पडू शकतो. वाजवी मुदत किती, हे व्यवहाराचे स्वरूप, तो किती वर्षे चालला आणि दुसऱ्या पक्षाला पर्यायी व्यवस्था करण्यास किती वेळ लागेल यांवरून ठरते.

करार तीन किंवा पाच वर्षांचा असेल आणि मध्येच बाहेर पडण्याची तरतूद नसेल, तर सबळ कारणाशिवाय करार सोडणे हा करारभंग ठरतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 39 नुसार एका पक्षाने आपला वाटा पार पाडण्यास पूर्णपणे नकार दिला, तर दुसरा पक्ष करार संपुष्टात आल्याचे धरू शकतो आणि कलम 73 नुसार नुकसानभरपाई मागू शकतो. अशा वेळी कलम 62 नुसार परस्पर संमतीने करार संपवण्याचा मार्ग दोघांनाही स्वस्त पडतो, कारण किती रक्कम, कोणत्या तारखेला आणि कोणत्या सामानाच्या बदल्यात, हे एका कागदावर आणून उरलेल्या सर्व मागण्या तेथेच संपवता येतात.

30 दिवसांच्या नोटिशीवर करार संपवला. उरलेल्या दोन वर्षांचा नफा मागता येईल का?

सर्वांत जास्त गैरसमज याच प्रश्नाबाबत आहे आणि सर्वांत जास्त छोटे उद्योजक अडचणीत येतात तेही येथेच. करारावर तीन वर्षे लिहिलेली आहेत, म्हणून तीन वर्षांच्या कामाची हमी आहे, असे समजून मशिनरी घेतली जाते, कर्ज काढले जाते, माणसे ठेवली जातात. त्याच करारात 30 दिवसांच्या नोटिशीचे कलम असेल, तर कायद्याच्या दृष्टीने समोरच्याची हमी प्रत्यक्षात 30 दिवसांचीच असते.

इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला. तेथील वितरण करार कोणताही पक्ष 30 दिवसांची नोटीस देऊन संपवू शकत होता. करार ज्या रीतीने रद्द झाला ती चुकीची होती, हे धरूनही न्यायालयाने असा करार पुन्हा चालू करण्याचा आदेश देता येणार नाही असे म्हटले आणि वितरकाला फक्त नोटिशीच्या 30 दिवसांच्या कमाईइतकी भरपाई मंजूर केली. नंतरच्या वर्षांत असंख्य प्रकरणांत हाच निकाल पुढे ठेवला गेला आहे.

याचा अर्थ हातात काहीच उरत नाही असा नाही. नोटिशीच्या तारखेपर्यंत केलेल्या कामाचे पैसे, नोटिशीच्या काळातील कामाचे पैसे, परत न केलेली अनामत आणि करारात स्पष्ट लिहिलेली इतर देणी यांवरील हक्क पूर्ण शाबूत असतो. नोटीस पुरेशा दिवसांची नसेल किंवा कलमातील एखादी पूर्वअट पाळली गेली नसेल, तर तेवढ्यापुरती भरपाईही मागता येते. मात्र उरलेल्या मुदतीच्या संपूर्ण नफ्याचा दावा लावण्यापूर्वी कोर्ट फी आणि वकिलांचा खर्च यांचा हिशेब मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

करार संपवण्याला न्यायालयाकडून स्थगिती मिळते का?

क्वचितच. विशिष्ट साहाय्य अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट), 1963 च्या कलम 14 मध्ये, जो करार स्वरूपतःच समाप्तीयोग्य, म्हणजे मुळातच संपवता येणारा आहे त्याची सक्तीने अंमलबजावणी करता येत नाही असे म्हटले आहे आणि कलम 41 नुसार अशा कराराचा भंग रोखण्यासाठी मनाईहुकूमही देता येत नाही. 2018 च्या दुरुस्तीने करारांची प्रत्यक्ष अंमलबजावणी मागणे एकंदरीत सोपे केले, तरी हा अपवाद तसाच ठेवला. ज्या करारात बाहेर पडण्याचे कलमच नाही, तेथे मात्र या दुरुस्तीनंतर अंमलबजावणीची मागणी करण्यास पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे.

नोटिशीत काय लिहावे आणि काय लिहू नये?

कारण न देण्याचा अधिकार वापरायचा असेल, तर नोटिशीत खरोखरच कारण लिहू नये. रागाच्या भरात ‘आपल्या कामाचा दर्जा समाधानकारक नाही’ असे एक वाक्य जोडले जाते आणि त्या वाक्यामुळे समोरचा पक्ष म्हणू शकतो की हा करार दोषारोप करून संपवला आहे, म्हणून दोष दुरुस्त करण्यासाठी करारात ठेवलेली मुदत आधी द्यायला हवी होती. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची निविदा भरताना ‘यापूर्वी आपला करार दोषामुळे रद्द झाला आहे का’ या प्रश्नाचे उत्तरही त्याच वाक्यावर अवलंबून राहते. त्यामुळे नोटीस मिळणाऱ्या पक्षानेही मजकूर नीट वाचावा आणि नसलेला ठपका आढळल्यास लगेच लेखी हरकत नोंदवावी.

पुरेशी नोटीस साधारण अशी असते : ‘आपल्यात दिनांक अमुक रोजी झालेल्या हाऊसकीपिंग सेवा करारातील कलम 14.2 अन्वये आम्ही हा करार, ही नोटीस आपल्याला मिळाल्यापासून 60 दिवसांनी संपुष्टात आणत आहोत. त्या दिवसापर्यंत दोन्ही पक्षांची कर्तव्ये नेहमीप्रमाणे चालू राहतील. शेवटच्या दिवशी साहित्याची मोजदाद करून ताबा घेण्यासाठी आमचा प्रतिनिधी उपस्थित राहील. थकीत बिलांचा तपशील कृपया सात दिवसांत पाठवावा.’ एवढे पुरते. कलमाचा क्रमांक प्रत्यक्ष करारातून पाहून घालावा. जुन्या नोटिशीवरून उतरवून घेतलेला चुकीचा क्रमांक पुढे विनाकारण वादाचे निमित्त होतो. सही करणाऱ्याला तसा अधिकार असावा, म्हणजे भागीदारीत भागीदाराची आणि कंपनीत ठरावाने अधिकार दिलेल्या व्यक्तीची सही हवी.

नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवली तर चालते का?

करारात जी पद्धत लिहिली आहे तीच वापरावी. बहुतेक करारांत नोंदणीकृत पत्त्यावर टपाल किंवा कुरिअर आणि सोबत ठरावीक ईमेल अशी अट असते. टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्टची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे, त्यामुळे जुन्या करारात ‘रजिस्टर्ड पोस्ट’ असे शब्द असतील तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवून त्याच दिवशी ईमेलही करावा. व्हॉट्सअॅप संदेश पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

नोटिशीचे दिवस कुठून मोजायचे?

समजा, 60 दिवसांची नोटीस ‘मिळाल्यापासून’ मोजायची आहे. पत्रावर 1 जून ही तारीख आहे, ते 3 जूनला कुरिअरला दिले आणि 5 जूनला पोहोचले. मिळाल्याचा दिवस वगळला की 6 जून हा पहिला आणि 4 ऑगस्ट हा साठावा दिवस येतो. पत्रावरच्या तारखेपासून मोजणारा 31 जुलैलाच माणसे काढून घेतो आणि शेवटचे चार दिवस काम न केल्याबद्दल दंड ओढवून घेतो. पोचपावती जपून ठेवण्याचे महत्त्व यातच आहे.

नोटीस दिल्यावर समोरच्याने ऑर्डर देणेच बंद केले. काय करता येईल?

करारात किमान ऑर्डरची हमी असेल, तर ती नोटिशीच्या काळातही लागू राहते आणि न दिलेल्या ऑर्डरची भरपाई मागता येते. हमी नसेल, तर बाजू कमकुवत असते, कारण ऑर्डर देणे हे त्याचे बंधनच नव्हते असे समोरचा म्हणतो आणि 60 दिवसांची नोटीस कागदावरच राहते. आधी दिलेल्या पर्चेस ऑर्डर मात्र वेगळ्या पाहाव्यात. त्या ऑर्डरप्रमाणे तयार केलेला किंवा अर्धवट तयार झालेला माल उचलण्याची जबाबदारी मूळ करार संपला म्हणून आपोआप संपत नाही. ऑर्डर रद्द करण्याची अट काय आहे ते वाचून, तयार मालाची यादी फोटोसह लगेच कळवावी.

लॉक-इन काळात, म्हणजे करार सोडायचा नाही असे ठरलेल्या काळात, करार सोडला तर उरलेल्या सर्व महिन्यांचे पैसे द्यावे लागतात का?

आपोआप नाही. करारात आधीच ठरवलेली रक्कम लिहिलेली असली, तरी करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले की जेथे नुकसान सिद्ध करणे शक्य आहे तेथे ते सिद्ध करावे लागते आणि मुळात नुकसानच झाले नसेल, तर अनामत जप्त करता येत नाही. शिवाय कलम 73 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान टाळण्यासाठी उपलब्ध असलेले उपाय केले होते का, हेही पाहिले जाते. उदाहरणार्थ, तुमच्या जागी दुसऱ्याच महिन्यात नवा ग्राहक मिळाला असेल, तर वर्षभराची रक्कम मागणाऱ्या सेवादात्याचा दावा टिकणे कठीण असते.

करार संपला, पण बिले थकली आहेत. लवकर वसुलीचा मार्ग कोणता?

तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु म्हणून उद्यम नोंदणीकृत असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 हे सर्वांत उपयोगी साधन आहे. त्यातील कलम 15 नुसार लेखी करारात काहीही लिहिलेले असले, तरी पेमेंटची मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाल्यास कलम 16 नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते, आणि वसुलीसाठी कलम 18 नुसार सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करता येतो. परिषदेच्या निर्णयाला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, ही तरतूद छोट्या पुरवठादाराची मोठी ताकद आहे. मात्र नोंदणी काम करण्याआधीची असावी. वाद झाल्यावर केलेल्या नोंदणीने जुन्या बिलांना संरक्षण मिळत नाही. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे, म्हणून निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला हा मार्ग उपलब्ध नसतो.

पैसे मिळेपर्यंत ग्राहकाचा माल किंवा साचे अडवून ठेवता येतात का?

ज्या मालावर तुम्ही कौशल्याचे काम केले आहे, तो त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क करार अधिनियमाच्या कलम 170 ने दिला आहे, मात्र करारात वेगळे काही ठरलेले नसावे. रबाळ्यातील जॉबवर्करने ग्राहकाच्या पट्ट्यांवर प्लेटिंग केले असेल, तर त्या पट्ट्यांपुरता हा हक्क आहे. ग्राहकाने वापरायला दिलेले साचे आणि डाय यांच्यावर तुम्ही काम केलेले नसते, त्यामुळे ते अडवणे धोक्याचे असते आणि त्यातून फौजदारी तक्रारीपर्यंत वेळ येऊ शकते. शेवटच्या दिवशी दोघांच्या सहीने सामानाची यादी करावी. प्रत्येक साच्याचा क्रमांक, त्याची अवस्था आणि कोणी उचलला, हे त्यात असावे.

एजंट किंवा सी अँड एफ (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारा) एजंट असल्यास वेगळा नियम आहे का?

कायद्याच्या अर्थाने तुम्ही एजंट असाल, म्हणजे मालकाच्या वतीने काम करत असाल, तर करार अधिनियमाची कलम 205 आणि 206 पाहावीत. ठरावीक काळासाठी दिलेली एजन्सी पुरेशा कारणाशिवाय आधीच काढून घेतल्यास भरपाई द्यावी लागते आणि वाजवी नोटीस न दिल्यास त्यामुळे झालेले नुकसान भरून द्यावे लागते. भिवंडीतील अनेक सी अँड एफ एजंट या वर्गात येतात. माल स्वतः विकत घेऊन पुढे विकणारा वितरक, कागदावर त्याला काहीही म्हटले असले, तरी सहसा एजंट नसतो.

करार संपल्यानंतर दोन वर्षे स्पर्धकाचे काम न घेण्याची अट बंधनकारक आहे का?

नाही. करार अधिनियमाच्या कलम 27 नुसार धंदा करण्यास मनाई करणारी अट निरर्थक ठरते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये परसेप्ट डी’मार्क प्रकरणात करार संपल्यानंतर लागू होणाऱ्या बंधनाबाबत हेच तत्त्व पुन्हा सांगितले. करार चालू असताना, म्हणजे नोटिशीच्या काळातही, अशी अट मात्र पाळावी लागते. गोपनीय माहिती, रेखाचित्रे आणि ग्राहकांच्या याद्या न वापरण्याचे बंधन पुढेही राहते.

मुदतपूर्व समाप्तीसाठी दिलेल्या रकमेवर जीएसटी लागतो का?

3 ऑगस्ट 2022 च्या 178 क्रमांकाच्या जीएसटी परिपत्रकानुसार करारभंगाची निव्वळ नुकसानभरपाई ही कोणत्याही सेवेची किंमत नसते, त्यामुळे तिच्यावर कर लागत नाही. करारातच ‘इतकी रक्कम भरून लवकर बाहेर पडता येईल’ अशी सोय दिलेली असेल, तर ती रक्कम त्या सोयीची किंमत मानली जाते आणि तिच्यावर कर लागतो. तडजोडीचा कागद करताना रक्कम कशाबद्दल आहे, हे एका वाक्यात स्पष्ट लिहावे आणि सही करण्यापूर्वी सीएंना दाखवावे.

महापालिका, सिडको किंवा एमआयडीसीचे कंत्राट असेल तर?

सार्वजनिक संस्थेने मनमानी करू नये, हे संविधानाच्या अनुच्छेद 14 चे बंधन करारातही तिच्यावर राहते. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातील भुयारी मार्गांच्या देखभालीचे कंत्राट रद्द करण्याचा निर्णय मनमानी ठरवून फेटाळला. त्यामुळे येथे उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला असतो. निव्वळ पैशांच्या वादासाठी मात्र तो सहसा मान्य होत नाही.

वाद कुठे न्यायचा?

करारात लवादाचे कलम असेल, तर आधी तेच. करार संपला तरी ते कलम जिवंत राहते. लवाद नेमण्याचा अधिकार फक्त समोरच्या कंपनीच्या संचालकाला दिलेला असेल, तर 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालाच्या आधारे त्याला हरकत घेता येते. लवादाचे कलम नसेल आणि दावा 3 लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर तो वाणिज्यिक न्यायालयात जातो आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी करणे सक्तीचे आहे. ही पायरी निव्वळ औपचारिक समजू नये. पुरेसे कागद घेऊन बसल्यास थकीत बिलांचे वाद तेथेच मिटू शकतात.

कोणत्या जिल्ह्याच्या न्यायालयात जायचे हे ठरवताना पत्त्याकडेही लक्ष द्यावे. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कळंबोली आणि पनवेल रायगड जिल्ह्यात. दाव्यासाठी साधारणतः तीन वर्षांची मुदत असते आणि केवळ पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढत नाही.

नवीन करारावर सही करण्यापूर्वी कोणती अट मागावी?

मोठी कंपनी नोटिशीचे कलम काढून टाकणार नाही, हे गृहीत धरून त्याची किंमत ठरवून घ्यावी. त्या एका ग्राहकासाठी मशीन घ्यावी लागत असेल, तर न वसूल झालेल्या गुंतवणुकीची परतफेड लिहून घेणे ही सर्वांत मोलाची अट आहे. समजा, मशीन 18 लाखांची आहे आणि करार 36 महिन्यांचा, म्हणजे महिन्याला 50 हजारांची वसुली. दहा महिन्यांनी कारण न देता करार संपवला, तर उरलेले 13 लाख रुपये ग्राहकाने द्यावेत किंवा त्या किमतीला मशीन उचलावी, असे तक्त्यासह परिशिष्टात जोडावे. खरेदी विभाग आधी नाही म्हणतो, पण आकडा मांडलेला असला की निदान निम्म्या रकमेवर किंवा पहिले वर्ष नोटीस न देण्यावर बोलणी सुरू होतात.

त्यासोबत नोटिशीच्या काळात मागील तीन महिन्यांच्या सरासरीइतक्या ऑर्डर देण्याचे बंधन आणि दोन्ही पक्षांना समान अधिकार मागावा. अनेक कंत्राटदार संबंध बिघडतील या भीतीने हा विषय काढतच नाहीत. सही होण्याआधी विचारलेल्या प्रश्नाने संबंध बिघडत नाहीत. करार मध्येच थांबल्यावर हप्ते मात्र आपल्यालाच भरावे लागतात.

दिलेली नोटीस मागे घेता येते का?

दुसऱ्या पक्षाच्या संमतीनेच येते आणि ती संमती लेखी असावी. ठरलेल्या तारखेनंतरही काम चालू राहिले, बिले स्वीकारली गेली आणि कोणी काही बोलले नाही, तर जुना करार चालू आहे की नवीन तोंडी करार झाला आहे, असा वाद पुढे उभा राहतो आणि त्यात दर, दंड, विमा, सगळेच प्रश्न पुन्हा निघतात. म्हणून काम पुढे चालवायचे ठरल्यास, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे दोन ओळींच्या पत्रावर दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावे आणि मगच दुसऱ्या दिवशीची गाडी पाठवावी.